योजकाचा धर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाकडे आपण बहुधा केवळ प्रस्तावना म्हणून पाहतो आणि अर्जुनाच्या विषादापाशी लवकर येऊन पोचतो. त्यामुळे त्या अध्यायाच्या पूर्वार्धात दोन सेनांचे जे वर्णन आले आहे, त्याकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही. वास्तविक, माणसांना एकत्र आणून एखादे मोठे कार्य करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे वर्णन पुन्हा पुन्हा वाचावे, इतके ते बोधप्रद आहे.

दुर्योधनापाशी अकरा अक्षौहिणी सेना होती, पांडवांपाशी सात. दुर्योधन द्रोणाचार्यांजवळ जातो आणि आपल्या पक्षाकडील मोजकी नावे उच्चारतो. बाकीच्या वीरांविषयी, ते शस्त्रविद्येत निपुण आहेत आणि माझ्याकरिता जिवावर उदार झाले आहेत, एवढे बोलून तो थांबतो. मग सर्वांना मिळून एकच आज्ञा देतो, ती भीष्मांच्या रक्षणाची. त्यानंतर भीष्मांचा शंख वाजतो आणि पाठोपाठ ढोल, नगारे, शिंगे यांचा एकच कल्लोळ उठतो. त्या कल्लोळात कोणाचे वाद्य कोणते हे व्यासांनी सांगितलेले नाही. आता दुसरी बाजू पाहा. येथे श्रीकृष्णांचा पांचजन्य आहे, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष आणि सहदेवाचा मणिपुष्पक. प्रत्येक शंखाला नाव आहे आणि पुढे विराट, द्रुपद, शिखंडी, अभिमन्यू यांनीही आपापले शंख वेगवेगळे फुंकले, हे सांगावयास संजय विसरत नाही. त्या सर्वांचा मिळून जो नाद झाला, त्याने कौरवांची हृदये विदीर्ण झाली.

सेना दोन्हीकडे होत्या आणि शूर पुरुषही दोन्हीकडे होते. एका बाजूस माणसे नायकासाठी होती. दुसऱ्या बाजूस प्रत्येकाचा स्वर राखून सर्वांचा एक नाद केला गेला होता. हा भेद ज्याला कळला, त्याला योजकाचा धर्म कळला. गीतेच्या आधाराने त्याच धर्माचा विचार येथे करावयाचा आहे.

शक्ती ही विभूती आहे

प्रथम मूळ प्रश्न घेऊ. माणसामध्ये जे विशेष सामर्थ्य असते, ते कोणाचे? सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. ज्याच्या ठिकाणी ते असते तो म्हणतो, माझे. ज्याच्या हाताखाली तो काम करतो तो मनातल्या मनात म्हणतो, माझे. कारण ह्या माणसाला मी वेतन देतो, किंवा मी वाढविले आहे, किंवा हा माझ्या घरातला आहे. गीता ही दोन्ही उत्तरे मान्य करीत नाही. दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात, आणि त्या सांगताना प्रत्येक वर्गात जे वैशिष्ट्य आहे त्यावर बोट ठेवतात. जलाशयांत समुद्र, स्थिर पदार्थांत हिमालय, वृक्षांत अश्वत्थ, पांडवांत धनंजय. शेवटी एकेचाळिसाव्या श्लोकात ते सर्वांचे सार सांगतात. जगात जे जे ऐश्वर्याने, शोभेने अथवा सामर्थ्याने युक्त दिसेल, ते आपल्याच तेजाच्या अंशातून उत्पन्न झाले आहे असे समज, असा त्याचा आशय आहे.

ह्या श्लोकाचा पाठ आपण देवालयात करतो. पण जेथे दहा माणसे मिळून काम करतात, तेथे तो आठवत नाही. हिशेब चोख ठेवणाऱ्या कारकुनाची बारीक नजर, रडणाऱ्या मुलाला दोन शब्दांत शांत करणाऱ्या शिक्षिकेचा स्वभाव, भांडणारे दोघे समोरासमोर आले असता तिसऱ्याने केलेली समजूत, ह्याही विभूतीच आहेत. त्यांचे स्वरूप लहान असेल, पण मूळ तेच आहे. म्हणून हाताखालच्या माणसाची शक्ती न ओळखणे हा केवळ व्यवहारातील गैरहिशेब नव्हे. तो देवाने पुढे ठेवलेल्या वस्तूकडे पाठ फिरविण्याचा प्रकार आहे.

येथे एक शंका घेतली जाते. गीतेने स्वभावानुसार कर्म सांगितले, त्यावरून माणसाचे काम त्याच्या जन्मावरून ठरवावे असा अर्थ पुष्कळदा काढला गेला. परंतु चौथ्या अध्यायातील भगवंतांचे शब्द गुण आणि कर्म असे आहेत. अठराव्या अध्यायातही कर्माची विभागणी स्वभावातून उपजलेल्या गुणांवरून केली आहे. गुण पाहावयाचा तर समोरच्या माणसाकडेच पाहावे लागते. कुळ विचारून गुण कळत नाही, आणि ज्याला तो कळवून घेण्याचे कष्ट नकोत, त्यालाच कुळ विचारणे सोयीचे वाटते.

करविणारा आणि करणारा

भाषांतराचे काम करणाऱ्याला काही क्रियापदे फार थांबवून ठेवतात. तिसऱ्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात ज्ञानी पुरुषाने इतरांशी कसे वागावे हे सांगितले आहे. कर्मात गुंतलेल्यांचा बुद्धिभेद करू नये, स्वतः नीट आचरण करीत त्यांना कर्मांत लावावे, असे त्याचे तात्पर्य. ह्या 'लावावे'च्या जागी मुळात 'जोषयेत्' असे पद आहे. त्याचा धातू जुष्, आणि धातुपाठात त्याचे अर्थ प्रीती व सेवन असे दिले आहेत. म्हणजे नुसते कामाला जुंपणे एवढा त्या पदाचा भाव नाही. माणूस ज्यात गोडीने रमेल अशा रीतीने त्याला कर्माकडे नेणे, असा तो आहे. मराठीत ह्याला एका शब्दाचा प्रतिशब्द सापडत नाही, आणि व्यवहारात तसा माणूसही सहजी सापडत नाही. योजक दुर्लभ आहे असे सुभाषितकारांनी म्हटले, ते उगाच नव्हे.

व्याकरणशास्त्राने ह्याच विचाराला आणखी एक आधार दिला आहे. पाणिनींनी कर्त्याचे लक्षण सांगताना क्रियेत जो स्वतंत्र असतो तो कर्ता, असे म्हटले आहे. लगेच पुढच्या सूत्रात, अशा स्वतंत्र कर्त्याला जो प्रेरणा देतो त्याला हेतू ही संज्ञा दिली, आणि तोही कर्ताच असे सांगितले. यज्ञदत्त देवदत्ताकडून भात शिजवून घेतो, ह्या वाक्यात यज्ञदत्त करविणारा आहे. परंतु शिजविण्याच्या क्रियेत देवदत्ताचे स्वातंत्र्य गेलेले नाही. चूल केव्हा मंद करावी, झाकण केव्हा काढावे, हे तोच ठरवितो. यज्ञदत्त दर क्षणाला झाकण उचलून पाहू लागला तर देवदत्त कर्ता उरत नाही, नुसते साधन होतो, आणि भातही बिघडतो. दोन लहान सूत्रांत नेतृत्वाची मर्यादा सांगितली गेली आहे. प्रेरणा देणाऱ्याने समोर स्वतंत्र कर्ता आहे हे गृहीतच धरले पाहिजे.

तीन प्रकारची माणसे

शक्ती ओळखावी हे सांगणे सोपे आहे. पण ती ओळखावी कशी? शक्ती काही प्रत्येकाच्या कपाळावर लिहिलेली नसते. आपल्या इतिहासग्रंथांत ह्याची तीन उदाहरणे आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या स्वभावांची आहेत.

पहिले उदाहरण नलाचे. वाल्मीकींच्या युद्धकांडात श्रीराम समुद्रतीरावर दर्भांवर पडून तीन रात्री समुद्राची प्रार्थना करतात. मार्ग मिळत नाही. अखेर ते धनुष्य उचलतात, तेव्हा समुद्र प्रकट होऊन सांगतो की, आपल्याच सेनेत विश्वकर्म्याचा पुत्र नल आहे, त्याच्या अंगी पित्याचे कौशल्य आहे, तो सेतू बांधील. मग नल पुढे येतो आणि ते खरे असल्याचे मान्य करतो. आजवर आपण का बोललो नाही, ह्याचे कारणही सांगतो. कोणी विचारले नव्हते, आणि न विचारता आपले गुण आपण सांगणे त्याला योग्य वाटले नव्हते. ह्या प्रसंगावर क्षणभर थांबावे. सेतू बांधणारा त्या तीनही रात्री छावणीतच होता. प्रभूंची ही लीला आपल्या शिक्षणासाठी आहे असे समजून प्रत्येक योजकाने स्वतःला विचारावे, माझ्या छावणीत असा कोणी नल न विचारलेला बसला आहे काय? विनयी माणूस स्वतः बोलत नाही. त्याला विचारावे लागते, आणि नीट विचारावे लागते.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. सर्व वानरांना एकच काम दिले गेले नाही. कोणी वृक्ष उपटले, कोणी शिळा आणल्या, कोणी रेषा सरळ राहावी म्हणून दोरी धरली, कोणी मापाचे दंड धरले. पहिल्या दिवशी चौदा योजने काम झाले. पुढे वीस, एकवीस, बावीस, आणि पाचव्या दिवशी तेवीस. अशी शंभर योजने पुरी झाली. काम जसे पुढे गेले तसा वेग वाढत गेला. ज्याला जे साधते ते त्याच्या हाती आले म्हणजे श्रम वाढूनही शीण वाढत नाही, हे ह्या पाच आकड्यांतून आदिकवींनी दाखविले आहे.

दुसरे उदाहरण हनुमंताचे. दक्षिण तीरावर समुद्र कोण ओलांडणार हा प्रश्न निघाला तेव्हा प्रत्येक वानराने आपली उडी सांगितली. कोणी दहा योजने म्हणाला, कोणी वीस. वृद्ध जांबवान नव्वद म्हणाला. अंगद शंभर योजने जाऊ शकत होता, पण परत येण्याची त्याला खात्री नव्हती. शिवाय तो नायक. त्याने इतरांना पाठवावे, स्वतः जाऊ नये, असे जांबवानाने त्याला समजाविले. मग त्याची दृष्टी एका बाजूस गप्प बसलेल्या हनुमंताकडे वळली. त्याने त्याला त्याच्या जन्माची कथा सांगितली, त्याच्या सामर्थ्याची आठवण दिली, आणि हनुमंत वाढू लागला. नलाला आपला गुण ठाऊक होता, फक्त कोणी विचारले नव्हते. हनुमंताला मात्र कोणीतरी आठवण देणे आवश्यक होते. आणखी एक गोष्ट अशी की, जांबवानाची स्वतःची शक्ती वार्धक्याने उणावली होती, तरी दुसऱ्याची शक्ती जागी करण्याची त्याची शक्ती कमी झालेली नव्हती. वडीलधाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तिसरे उदाहरण विराटपुत्र उत्तराचे. हा बढाईखोर. सारथी मिळाला असता तर कौरवांना एकटा जिंकले असते, असे तो अंतःपुरातील स्त्रियांपुढे सांगत होता. बृहन्नडेच्या रूपातील अर्जुन सारथी म्हणून मिळाला, आणि कौरवसेना दिसताच उत्तर रथातून उडी टाकून पळाला. अर्जुनाने त्याला धरून आणले. त्याची निर्भर्त्सना करून हाकलून देता आले असते. पण अर्जुनाने त्याला धीर दिला, त्याच्या हाती लगाम दिले आणि धनुष्य आपण घेतले. ज्याच्याने युद्ध होत नव्हते त्याच्याने सारथ्य झाले. विजय मिळाल्यावरही, नगरात हे युद्ध तूच जिंकलेस असे सांग, असे अर्जुनाने त्याला सुचविले. उत्तराने मात्र ते श्रेय स्वतःकडे घेतले नाही. कोणा देवपुत्राने युद्ध जिंकले असे त्याने पित्याला सांगितले. पळपुट्या बढाईखोराचा एका दिवसात खरे बोलणारा माणूस झाला. त्याला योग्य जागा मिळाली, हेच त्याचे कारण.

गुण पाहावा, तसा भावही पाहावा

आतापर्यंतच्या विवेचनावरून कोणी म्हणेल की, ज्याला जे येते ते त्याला द्यावे, म्हणजे झाले. एवढ्याने होत नाही. महाभारतातील राजसूय यज्ञाचा प्रसंग ह्यासाठीच मनन करण्याजोगा आहे.

त्या यज्ञात धर्मराजाने कामांची जी वाटणी केली, तिची सूची सभापर्वात आली आहे. भोजनव्यवस्था दुःशासनाकडे, ब्राह्मणांचे स्वागत अश्वत्थाम्याकडे, राजांचा सत्कार संजयाकडे, काय झाले व काय राहिले हे पाहण्याचे काम भीष्म-द्रोणांकडे, सुवर्ण-रत्ने व दक्षिणा कृपाचार्यांकडे, आणि खर्च विदुराकडे. राजांनी आणलेले करभार व भेटी स्वीकारण्याचे काम दुर्योधनाकडे होते. श्रीमद्भागवतात दशम स्कंधाच्या पंचाहत्तराव्या अध्यायात अशीच दुसरी सूची आहे. तेथे पाकशाळा भीमाकडे, वाढप द्रौपदीकडे, दान कर्णाकडे, कोश दुर्योधनाकडे, आणि पाहुण्यांचे पाय धुण्याचे काम श्रीकृष्णांकडे आहे. खाण्याची आवड असलेल्या भीमाला स्वयंपाकघर आणि हात आखडणे ज्याला माहीत नाही त्या कर्णाला दान, ह्याहून उत्तम वाटणी कोणती असणार?

परंतु ही सूची शुकाचार्य कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात सांगतात, ते पाहावे. परीक्षितीने विचारले होते की, त्या यज्ञाने सर्वांना आनंद झाला, एकट्या दुर्योधनालाच झाला नाही, ह्याचे कारण काय? त्या उत्तराचा आरंभ कामाच्या वाटणीपासून होतो. दुर्योधनाला राज्यकारभार समजत होता, धनाची पारख होती. योग्यतेत उणे काही नव्हते. पण ज्याचे मन मत्सराने आधीच पोळलेले आहे, त्याच्या हातून पांडवांचे वैभव दररोज मोजले जाऊ लागले. पुढे हस्तिनापुरास गेल्यावर तो धृतराष्ट्रापुढे स्वतः सांगतो की, त्या भेटी घेता घेता माझे हात थकले आणि दुरून धन घेऊन आलेले लोक तिष्ठत उभे राहिले. हे तो कौतुकाने सांगत नाही, जळून सांगतो. त्या जळण्यातून द्यूत निघाले, द्यूतातून वनवास आणि वनवासाच्या शेवटी कुरुक्षेत्र.

धर्मराजाच्या औदार्याला दोष द्यावा असा ह्यात हेतू नाही. भावावर विश्वास टाकावा हे थोरपणाचे लक्षणच होय. पण बोध स्पष्ट आहे. माणसाला काम देताना त्याच्या हाताचे कौशल्य पाहावे, आणि ते काम त्याच्या मनातील कोणत्या वृत्तीला खाद्य पुरवील हेही पाहावे. स्वभावाविरुद्ध निग्रह करून काय होणार, असे विचारणारी गीता लगेच पुढच्या श्लोकात राग आणि द्वेष हे वाटेवर टपलेले शत्रू आहेत, त्यांच्या अधीन होऊ नये, असेही बजावते. स्वभावाचा आदर आणि विकाराची लाडीगोडी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला स्तुतीचा लोभ आहे त्याला रात्रंदिवस व्यासपीठावर बसविणे, ज्याचा राग अनावर आहे त्याच्या हाती शिक्षेचा अधिकार देणे, ही त्याच्या शक्तीची पूजा नव्हे.

दोष मुळीच नसलेला माणूस मिळेपर्यंत थांबावे, असाही ह्याचा अर्थ नाही. अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक कर्माबरोबर काही दोष असतोच, हे अठराव्या अध्यायात भगवंतांनी सांगून ठेवले आहे. माणसाचेही तसेच. बारकाईने पाहणारा माणूस पुष्कळदा संथ असतो. वेगवान माणसाकडून बारकावे सुटतात. शहाणा योजक धुरामुळे अग्नी विझवीत नाही; धूर कोंडणार नाही अशी खिडकी ठेवतो, म्हणजे एकाच्या उणिवेपाशी दुसऱ्याची शक्ती उभी करतो.

दोन सारथी

महाभारतात दोन मोठे सारथी आहेत, श्रीकृष्ण आणि शल्य. अश्वविद्येत शल्य श्रीकृष्णांच्या तोडीचा मानला जात होता, म्हणूनच कर्णाने त्याची मागणी केली. निवड कौशल्याच्या दृष्टीने अचूक होती. पण सूतपुत्राचे सारथ्य करणे शल्याला अपमानाचे वाटले, आणि कर्णाचा तेजोवध करण्याचे त्याने युधिष्ठिराला आधीच कबूल केले होते. हात घोडे हाकीत होते आणि जीभ रथातल्या वीराला खच्ची करीत होती. अखेरीस चाक रुतले तेव्हा ते उचलावयास कर्णाला स्वतःलाच खाली उतरावे लागले.

इकडे श्रीकृष्ण पाहा. राजसूयात अग्रपूजेचा मान ज्यांना मिळाला, त्यांनीच तेथे पाय धुण्याचे काम पत्करले. आणि युद्धात शस्त्र न धरता लगाम धरले. जयद्रथवधाच्या दिवशी भर रणांगणात त्यांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले आणि पुन्हा जुंपले. अर्जुनाशी त्यांचे वागणे ह्याच प्रेमाचे आहे. तो भिक्षा मागून जगण्याची भाषा बोलू लागला तेव्हा त्यांनी त्याला तुझा स्वभाव तुला स्वस्थ बसू देणार नाही ह्याची जाणीव दिली. त्यांनी अर्जुनाचा युधिष्ठिर करण्याचा प्रयत्न केला नाही. अर्जुनाला अर्जुनच होऊ दिले. आणि सर्व ज्ञान सांगून झाल्यावर, ह्यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला जसे वाटेल तसे कर, असे म्हणून निर्णय त्याच्याच हाती ठेवला. प्रत्यक्ष भगवंतांनी जेथे स्वतंत्र कर्त्याचे स्वातंत्र्य राखले, तेथे एखाद्या कचेरीच्या वा संस्थेच्या प्रमुखाने ते हिरावून घ्यावे, हे कसे शोभेल?

आपल्या काळातील एक उदाहरण

हे सर्व पुराणकाळीच शक्य होते असे कोणी समजू नये. गुजरातमधील आणंद येथे जे घडले ते आपल्या देशाने पाहिले आहे. तेथील शेतकऱ्यांचा दूध उत्पादक संघ १९४६ साली स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, गावोगाव पायी हिंडणारे कार्यकर्ते. त्यांचे बळ लोकांच्या विश्वासात होते. वर्गीस कुरियन १९४९ साली आणंदला आले ते सरकारी नोकरीतील अभियंता म्हणून. मूळचे केरळचे, तेथील भाषाही त्यांची नव्हती. त्यांचे बळ व्यवस्थापनात आणि निर्भीडपणात होते. तिसरे दलाया, दुग्धतंत्रज्ञ. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असे तेव्हाचे परदेशी तज्ज्ञ सांगत असत. ती करून दाखविण्याचे श्रेय दलायांच्या कौशल्याला जाते, आणि १९५५ साली आणंदला तिचा कारखाना उभा राहिला.

ह्यात त्रिभुवनदासांचे मोठेपण कोठे आहे? संस्था त्यांची, मान त्यांचा, वयाने ते वडील. तरीही यंत्र कोणते घ्यावे, माल कसा विकावा ह्यात त्यांनी हात घातला नाही. ते क्षेत्र त्यांनी कुरियन यांना मोकळे दिले आणि आपण गावकऱ्यांशी असलेले नाते सांभाळीत राहिले. कुरियन यांनीही तंत्रज्ञाचे काम तंत्रज्ञाकडे ठेवले. आणि ह्या सर्वांच्या खाली, पहाटे दोन शेर दूध घेऊन येणाऱ्या शेतकरी स्त्रीचे जे कौशल्य होते, जनावर सांभाळण्याचे, त्यालाही पूर्ण किंमत मिळाली. १९६३ सालच्या मॅगसेसे पुरस्कारात पटेल आणि कुरियन ह्या दोघांचीही नावे होती. ह्या कार्यात गीतेचे नाव कोणी घेतले की नाही, हा प्रश्न गौण आहे. प्रत्येकाने आपापल्या कर्मात रत राहून सिद्धी मिळवावी हा गीतेचा विचार तेथे दुधाच्या थेंबाथेंबात उतरला होता.

नित्य आचरणासाठी

गीताप्रेमी वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकजण कोठे ना कोठे योजक असतोच. कोणी घरातील वडील आहेत, कोणी शाळेचे मुख्याध्यापक, कोणी कारखान्यात दहा माणसांवर देखरेख करणारे, कोणी गीतावर्गाचे चालक. त्या सर्वांसाठी वरील विवेचनाचे सार चार गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट, आपल्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाचा एक तरी गुण आपल्याला नावानिशी सांगता आला पाहिजे. ज्याचा गुण सांगता येत नाही, त्याच्याकडे आपण अजून पाहिलेलेच नाही असे समजावे. त्याला जवळ बसवून विचारावे, तुम्हाला कोणते काम करताना वेळ कसा गेला ते कळत नाही?

दुसरी, काम सोपविल्यावर ते त्याचे राहू द्यावे. विचारणा अवश्य करावी, मदतीस धावून जावे. पण दर घटकेला झाकण उचलून पाहू नये.

तिसरी, काम देताना मनाचा कलही पाहावा. ज्या कामाने एखाद्याचा मत्सर, लोभ वा अहंकार पोसला जाईल, ते काम त्याला साधत असले तरी देण्यापूर्वी दहादा विचार करावा. मात्र त्याला दूर न ढकलता त्याच्या शक्तीला निर्मळ वाट काढून द्यावी.

चौथी, यशाच्या वेळी मागे उभे राहावे. कोणतेही कर्म सिद्ध होण्यास पाच कारणे लागतात, आश्रय, कर्ता, साधने, नाना प्रयत्न आणि पाचवे दैव, असे गीतेने सांगितले आहे. आणि असे असता जो एकट्या आपल्यालाच कर्ता मानतो, त्याची बुद्धी अपुरी आहे असा निर्वाळाही दिला आहे. माझ्यामुळे झाले, हे वाक्य योजकाच्या तोंडी ज्या दिवशी येते, त्या दिवसापासून नल बोलेनासा होतो आणि हनुमंत पुन्हा बाजूस जाऊन बसतो.

शेवटी एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. आपल्या गीतावर्गात एक गृहस्थ नियमाने येतात. त्यांचा उच्चार शुद्ध नाही, म्हणून त्यांना पठणास कोणी पुढे बसवीत नाही. ते मागे बसतात, वर्ग संपल्यावर सतरंज्या झटकून घडी घालतात, आणि कोणी आजारी पडून आले नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन चौकशी करतात. ते किती श्लोक चुकले ह्याचा हिशेब आपण ठेवतो. आजाऱ्याच्या दारी जाण्याचा जो गुण त्यांच्यापाशी आहे, तो आपल्यापैकी किती जणांपाशी आहे? त्यांना वर्गाच्या समाचाराचे काम आदराने, नाव घेऊन सोपवावे. मग पाहावे, त्या वर्गात गीता नुसती म्हटली जाते की जगली जाते.

ज्याने प्रत्येक शंखाला वेगळा नाद दिला आणि सर्व नादांचे सारथ्य केले, तो पार्थसारथी आम्हां सर्वांना दुसऱ्याची शक्ती ओळखणारी दृष्टी आणि तिला वाट करून देणारे निरहंकार मन देवो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥